मनातला राग सुटत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, पंचवटीत राहते. शेताच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी अबोला धरून दोन वर्षं झाली. वाद मिटला, सह्याही झाल्या, पण राग काही जात नाही. सकाळी गॅसवर दूध ठेवते आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडत उभी राहते. दूध उतू गेलं की भान येतं. गेल्या वर्षी घेतलेली राखी अजून देवघराच्या खणात तशीच आहे. मला पुन्हा मोकळं हसायचंय हो.

इगतपुरीच्या धम्मगिरीला १० दिवसांचं विपश्यना शिबिर असतं, मौन पाळायचं, फोनही जमा. कुणी केलंय का? आतून धुमसत असताना एवढं गप्प बसणं झेपतं? सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, लगेच निघता येणार नाही. तोवर घरच्या घरी काय करू?