मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यांसाठी करक्युमिनची (हळदीतला मुख्य घटक) कॅप्सूल, पण रक्त पातळ करणारी गोळीही चालू

आई, वय 67. दोन्ही गुडघ्यांची झीज. हृदयाची झडप बदललेली असल्याने रक्त पातळ करणारी असेनोकुमॅरॉल रोज, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) 2.8. नातेवाइकांनी हळदीच्या अर्काची 500 मिग्रॅची कॅप्सूल आणून दिली आहे. डबीवर लिहिलंय: करक्युमिनॉइड्स 95 टक्के, पिपरिन 5 मिग्रॅ. चालू करू का, की दुधातून चमचाभर हळद पुरे?

उत्तर 1
कॅप्सूल नको. चहाच्या चमच्यात हळद मावते साधारण 3 ग्रॅम, त्यात करक्युमिन जेमतेम 90 मिग्रॅ. या एका कॅप्सूलमध्ये 475, म्हणजे पाच चमचे हळद एकदम. शिवाय नुसतं करक्युमिन रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून मिरीतलं पिपरिन घालतात. बंगळूरच्या 1998 च्या अभ्यासात 2 ग्रॅम करक्युमिनसोबत 20 मिग्रॅ पिपरिन दिल्यावर शोषण 20 पट झालं. पण आतडं-यकृतातली जी मोडतोड पिपरिन रोखतं, तीच इतर औषधांचीही होत असते. त्यात करक्युमिनमुळे रक्तबिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना कमी चिकटतात. असेनोकुमॅरॉलची गोळी तेवढीच राहून रक्त जास्त पातळ होऊ शकतं. अंदाजाने गोळी कमी केलीत तर झडपेवर गुठळी.

गुडघ्यांवर उपयोग होतो, हे खरं. थायलंडमधल्या 2014 च्या चाचणीत रोज 1500 मिग्रॅ अर्क 4 आठवडे देऊन आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाच्या रोज 1200 मिग्रॅइतका आराम मिळाला. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे आईंना आयब्युप्रोफेनही चालणार नाही.

उत्तर 2
स्वयंपाकातली हळद बंद करू नका. भाजी-आमटीत मिळून माणशी पाव-अर्धा चमचा, फोडणीच्या तेलात. करक्युमिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. प्रमाण रोज सारखं ठेवा. एकदम हळद-दुधाचा सपाटा नको. पित्ताशयात खडे असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

सांगली किंवा वायगावची अख्खी हळकुंडं आणून दळून घ्या. हळकुंड पाण्यात टाकताच पाणी भडक पिवळं झालं तर वरून लेड क्रोमेट चोळलेलं असू शकतं. त्यात शिसं असतं, वापरू नका.

गुडघ्यांसाठी: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, 5 सेकंद धरायचा, प्रत्येक पायाने 10 वेळा, दिवसातून दोनदा.

प्रश्नकर्ती
तीन दिवस रोज एक दिली आहे.

उत्तर 1
आजच थांबवा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने कमी-जास्त करू नका. झडपेच्या डॉक्टरांना डबीच्या लेबलचा फोटो पाठवा आणि आयएनआर लगेच कधी करायचं ते विचारा. हिरड्यांतून रक्त, काळी शी, कारण नसताना निळे डाग किंवा डोक्यात जोराची कळ आली तर वाट न बघता रुग्णालयात न्या. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर यकृताच्या तपासण्याही करून घ्या. अशा अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.