ग्लायकोजेनले मराठीत काय म्हणावं?

संत्रानगरी: शुगरच्या पेशंटसाठी पत्रक मराठीत करून राहिलो. जेवल्यावर इन्सुलिन ग्लुकोजचं ग्लायकोजेन करून लिव्हर अन् मसल्समधी साठवते, इथवर आलो अन् अडलो. धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाई म्हणतात 'साठवलेली साखर' लिहा. आता ज्याले शुगर हाय तो डब्यातलीच साखर समजन ना बाप्पा! शब्द सुचवा.

महालातला मास्तर: शर्कराजन. क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये लिव्हरमधून हा पदार्थ वेगळा काढला, त्याच्या नावाचा अर्थच गोड निर्माण करणारा. हायड्रोजनचं उद्जन झालंच होतं की.

बर्डीवाला: झालं होतं, पण म्हणते कोण? दवाखान्यात शर्कराजन म्हणून पाहा, सिस्टर विचारन कोणतं भजन हाय.

लॅबवाली ताई: आम्हाला कॉलेजात 'प्राणिज स्टार्च' शिकवायचे, म्हणून माझं मत प्राणिज पिष्ट. आयोडीन टाकलं की स्टार्च निळंकाळं होतं, ग्लायकोजेन तांबूस तपकिरी, पण कुळी एकच. आणि साखर तर मुळीच म्हणू नका, एवढं ग्लुकोज सुटंच ठेवलं असतं तर पेशीने पाणी ओढून ओढून फुगून फुटायचीच वेळ आली असती, म्हणून तर हजारो रेणू फांद्याफांद्यांनी जोडून ठेवतात.

महालातला मास्तर: ताई, पिष्ट म्हणजे दळलेलं. तुम्हीच म्हणता जोडतात.

लॅबवाली ताई: मग सगळी पाठ्यपुस्तकं स्टार्चला पिष्ट म्हणतात ती काय चक्कीवर छापली?

काटोल रोड: काऊन भांडता बे. सरळ कोठी म्हणा. लिव्हरची कोठी साऱ्या घराची, शंभरेक ग्रॅम माल, रात्री झोपेत मेंदूले ग्लुकोज तिथूनच जाते, निर्जळी उपास धरला तर दिवसभरात बराच माल संपते. मसल्सची कोठी मोठी, चारशेक ग्रॅम, पण तिथला दाणा शेजाऱ्याले नाही, कारण ग्लुकोज मोकळं करून रक्तात सोडाचं एंझाइमच मसल्समधी नसते. अंबाझरीवर पळणाऱ्याच्या पायातलं त्याच्याच पायाले कामी येते.

संत्रानगरी: भाऊ, समजावलं झकास, पण कोठी म्हणजे जागा झाली. मले मालाचं नाव पायजे.

बर्डीवाला: ग्लायकोजेनच लिही न. कोलेस्टेरॉल म्हणतेच ना आमची आजी, तेही एकदम स्पष्ट.

महालातला मास्तर: उद्या मीठसुद्धा सोडियम क्लोराइड म्हणा मग.

वर्धेकरीण: मधातच बोलते, पण कोठी नाही हो, कणगी. कोठी पत्र्याची असते.

काटोल रोड: आमच्या घरी मातीची होती, खाली दाणे काढाले भोक अन् त्यात चिंध्यांचा बोळा. तिले कोठीच म्हणत.

वर्धेकरीण: अन् तट्ट्याची, शेणानं लिपलेली? ती कणगी. विचारा कोणालेही.

संत्रानगरी: अहो, पत्रक उद्या छापाले जाते…

काटोल रोड: थांब न बे. वर्धेकरीणबाई, तट्ट्याच्या कणगीले झाकण असे का तुमच्याकडे?