स्वादुपिंडातील गाठ: केमोथेरपीपूर्वी सुईने बायोप्सी आवश्यक आहे का?

प्रश्न (कृष्णाकाठ)

माझ्या वडिलांचे वय ६१ वर्षे आहे. पाठीपर्यंत जाणारे पोटदुखणे आणि घटते वजन यांमुळे केलेल्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या मधल्या भागात साधारण ३ सेंटिमीटरची गाठ दिसली असून ती शेजारच्या मोठ्या धमनीला चिकटलेली आहे. यकृतात काही दिसलेले नाही. सर्जन म्हणतात की आधी केमोथेरपी, नंतर शस्त्रक्रियेचा विचार, आणि त्यापूर्वी बायोप्सी. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची मात्र अशाच गाठीसाठी बायोप्सीशिवाय थेट शस्त्रक्रिया झाली. सुई लावली की गाठ पसरते, असे नातेवाईक सांगतात. ही तपासणी पोटावरून सुई घालून करावी की दुर्बिणीतून, याविषयीही दोन डॉक्टरांची मते वेगळी आहेत. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (रेडिओलॉजिस्ट_पुणे)

त्या गृहस्थांची गाठ बहुधा सरळ काढता येण्याजोगी असावी. स्कॅनवरचे चित्र स्पष्ट असेल आणि रुग्णाला शस्त्रक्रिया झेपणार असेल, तर बायोप्सीचा निष्कर्ष काहीही आला तरी गाठ काढावीच लागते. म्हणून तेथे सुईचा आग्रह धरत नाहीत. आपल्या वडिलांच्या बाबतीत पहिला उपचार केमोथेरपी आहे, आणि कर्करोगाचा पेशींच्या पातळीवरील पुरावा हाती असल्याशिवाय ती सुरू करणे योग्य नाही.

आता मार्गाविषयी. स्वादुपिंड जठराच्या मागे आणि मणक्याच्या पुढे, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या गर्दीत असते. सीटी किंवा सोनोग्राफी पाहत पोटावरून सुई घातली, तर तिला बऱ्याचदा जठर किंवा आतडे चुकवत लांबचा मार्ग घ्यावा लागतो. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये सोनोग्राफीचे यंत्र तोंडावाटे आत घातलेल्या दुर्बिणीच्या टोकालाच असते. स्वादुपिंडाच्या मधल्या व शेपटाकडच्या (डाव्या टोकाच्या) भागातील गाठ जठरातून आणि त्याच्या डोक्याच्या (उजव्या टोकाच्या) भागातील गाठ लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अगदी जवळ दिसते, आणि सुईला फारच थोडे अंतर कापावे लागते. या मार्गाने स्वादुपिंडातून पेशी घेतल्याची नोंद डेन्मार्कमधून १९९२ साली प्रसिद्ध झाली. आज ही सोय असलेल्या ठिकाणी हाच मार्ग आधी निवडला जातो.

पसरण्याची भीती पूर्णपणे निराधार नाही, परंतु ती मार्गावर अवलंबून आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाहेरून सुई घातलेल्या ४३ रुग्णांपैकी ७ जणांच्या पोटातील आवरणावर पुढे कर्करोग आढळला, तर दुर्बिणीतून तपासणी झालेल्या ४६ पैकी एकाच्या. गट लहान होते, तरी दुर्बिणीचा मार्ग निवडण्यामागे हे एक कारण आहे. जठराच्या भिंतीत सुईच्या वाटेवर गाठ उगवल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. ती विरळ आहेत, आणि त्या भीतीने निदान टाळले तर उपचारच अडून राहतो. यकृतात गाठी असत्या, तर मी यकृताचाच तुकडा घ्यायला सुचवले असते, कारण ते सोपे असते आणि आजाराची पायरीही त्यातूनच कळते.

वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर ते आधीच सांगावे. तपासणीनंतर तीव्र पोटदुखी, ताप किंवा काळी शौच झाल्यास लगेच रुग्णालयात न्यावे. स्वादुपिंडाला सूज येणे आणि रक्तस्राव हे धोके थोड्या रुग्णांत असतात.

प्रतिसाद (सूक्ष्मदर्शी)

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. वरील सर्व मान्य करून अहवालाविषयी कळकळीने लिहितो. या कर्करोगात गाठीचा मोठा भाग घट्ट तंतुमय ऊतीचा असतो आणि कर्करोगाच्या पेशी तिच्यात विखुरलेल्या असतात. त्यामुळे सुई गाठीत पोहोचूनही पेशी हाती न लागणे शक्य असते. ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ या वाक्याचा अर्थ ‘कर्करोग नाही’ असा कृपया घेऊ नये. स्कॅन संशयास्पद असेल तर तपासणी पुन्हा करावी लागते.

केवळ पेशी ओढणाऱ्या सुईऐवजी ऊतीचा बारीक तुकडा देणारी सुई वापरणार का, हे अवश्य विचारावे. तुकडा मिळाला की विशेष रंगचाचण्या करता येतात, कारण स्वादुपिंडातील प्रत्येक गाठ एकाच प्रकारची नसते. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांनी २००५ च्या स्टॅनफर्डमधील भाषणात दुर्बिणीतून सुईने होणाऱ्या याच तपासणीचे वर्णन केले होते. त्यांच्या पेशी पाहिल्यावर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा दुर्मीळ प्रकार निघाला, असे त्यांनी सांगितले. स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे येणारी सूज, लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) आणि आपल्याकडे क्वचित क्षयरोगही गाठीसारखा दिसतो. क्षयाची शंका असेल तर नमुन्याचा काही भाग फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) न टाकता वेगळा पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) होऊ शकत नाही. हे तपासणीपूर्वीच ठरवावे लागते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (कृष्णाकाठ)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रक्तातील सीए १९-९ (या कर्करोगात वाढू शकणारा एक घटक) वाढलेले आहे. तेवढा पुरावा पुरत नाही का?

प्रतिसाद (सूक्ष्मदर्शी)

नाही. पित्तमार्ग अडून कावीळ झाली तरी ते वाढते आणि काही लोकांच्या शरीरात ते मुळात तयारच होत नाही. उपचाराचा परिणाम पाहण्यासाठी ते उपयोगी आहे, म्हणून केमोथेरपीपूर्वीचा आकडा जपून ठेवावा. मूळ स्कॅनची सीडीही सोबत न्यावी. केवळ छापील अहवालावरून सुईचा मार्ग ठरवता येत नाही.