न्यूझीलंडची पिनो न्वार आणि गटारीचा बेत: सल्ला हवा

वेंगुर्लेकर_७७
चुलतभाऊ क्वीन्सटाउनला असतो. येताना एक रेड वाइन घेऊन आला. पिनो न्वार, सेंट्रल ओटॅगोची. आमच्या घरात वाइन म्हणजे गोव्याची गोडसर पोर्ट, आजी ती चमचाभर औषध म्हणून घ्यायची. गटारीला सात माणसं, म्हणजे प्रत्येकी अर्धा पेला. बेत कोंबडी-वड्यांचा आहे. पावसाळी मासेमारीबंदीमुळे सुरमई नाही, पण सुके बांगडे आहेत. बाटली कशाबरोबर काढू? आणि बूच नाही, फिरकीचं झाकण आहे. माल हलका तर नाही ना?

खाडीपलीकडे
झाकणाचं सोडा. बुचामुळे कधीकधी वाइनला कुबट वास लागतो, म्हणून २००१ पासून तिकडच्या वाइनवाल्यांनीच फिरकीचं झाकण मुद्दाम रुजवलं. महागड्या बाटल्यांनाही तेच असतं.

सेंट्रल ओटॅगो ४५ अंश दक्षिण अक्षांशावर, डोंगरांच्या आडोशाला आहे. तिथल्या अलेक्झांड्रा गावाच्या बाजूला वर्षाला ४०० मिमीसुद्धा पाऊस होत नाही. आपल्याकडे जुलैचा एक जोरकस आठवडा तेवढा देऊन जातो. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. त्यामुळे द्राक्ष पिकतं, पण आंबटपणा जात नाही. पिनो न्वार हे मुळात द्राक्षाचं नाव, त्याची साल पातळ, म्हणून तुरटपणाही कमी. ही वाइन दांडगी नाही. तिच्यापुढे मालवणी मसाला ठेवलात तर ती गप्प बसेल.

सुके बांगडे मात्र नकोतच. रेड वाइनमधल्या लोहामुळे मासळीचा वास तोंडात उलटतो. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवलं होतं, मी मात्र सुकटीच्या चटणीवर आधीच अनुभवलं होतं. दोन दिवस तोंडात गंजलेला खिळा.

तिरफळ
झिला, आधी ती बाटली फ्रीजात घाल. गरम वायन काढ्यासारी लागतली.

खाडीपलीकडे
तिरफळ म्हणतात ते खरंय. ‘खोलीच्या तापमानाला द्या’ हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी आहे. आपली खोली आत्ता २९-३० अंशांवर असेल. पिनोला १४ च्या आसपास बरं वाटतं. फ्रीजमध्ये दोन तास ठेवा, मग बाहेर काढून दहा मिनिटं थांबा. लाईट गेली तर पाण्यात बर्फ टाकून बाटली त्यात उभी करा. पेल्यात बर्फ नको.

वेंगुर्लेकर_७७
मग कोंबडी-वडे रद्द करू? घरात बंड होईल.

अळंबीवाली
रद्द कशाला! वाइन जेवणाआधी काढा. या दिवसांत वारुळाजवळची अळंबी मिळते (ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, स्वतः शोधायला जाऊ नका). कांदा, लसूण, मिरी, किंचित ओलं खोबरं घालून सुकी करा. लाल तिखट अजिबात नाही. पिनोला स्वतःचाच एक ओल्या मातीचा वास असतो, अळंबीशी तो सख्ख्या भावासारखा बसतो. अळंबी नाही मिळाली तर वाळवलेले काजूगर भिजत घालून उसळ करा, मसाला निम्मा.

खाडीपलीकडे
अळंबीला माझं मत. कोंबडीबद्दल एवढंच, की या वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १३-१४ टक्के असतं आणि त्याने तिखट जास्तच पेटतं. रस्सा करण्याआधी चार तुकडे बाजूला काढून आलं-लसूण-मिरी लावून तव्यावर भाजा. तेवढ्यावर बाटली संपेल.

देवबाग_किनारा
मी असहमत. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घातलेलं सुकं चिकन पिनोबरोबर मी दोनदा खाल्लंय, मस्त जमलं. मिरच्या कमी, खोबरं जास्त, एवढीच अट. सोलकढी मात्र शेवटी. कोकमाच्या आंबटापुढे वाइन पाणी होते.

वेंगुर्लेकर_७७
हिशोब देतो. अळंबी मिळाली, पण जेमतेम वाटीभर, ती बायकांनी स्वयंपाकघरातच संपवली. मला दोन तुकडे मिळाले, आणि अळंबीवालीताई, तुम्ही म्हणालात तसंच बसलं. तव्यावरची कोंबडीही छान. काकांनी न ऐकता रस्सा-वड्याबरोबर घोट घेतला आणि म्हणाले, "ह्याका काय चवच नाय." आजीने अर्धा पेला संपवून विचारलं, पोर्टपेक्षा ही कमी गोड का. भावाला पुढच्या वेळी दोन आणायला सांगितल्यात.