वांग्याचे शेंडे माना टाकतायत, कामगंध सापळे मात्र रिकामे. मदत हवी आहे

बांधावरचा: वांगं, अर्धा एकर. रोज नवे शेंडे सुकतायत, आता फळांनाही भोकं दिसू लागली. आठ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावून बारा दिवस झाले, एक पतंग नाही. लिंबोळी अर्क दोनदा मारला. रासायनिक औषध मारायचं नाही. लवकर सांगा, परवा तोडा आहे.

काळीरान: ल्युअर, म्हणजे सापळ्यातलं वासाचं आमिष, कोणती? सापळा कसला? शेजारी जुनं वांगं आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

हिरवीवाट: पिवळे चिकट सापळे लावा, सगळं आटोक्यात येतं.

काळीरान: पिवळ्याला पांढरी माशी नि मावा चिकटतो हो. शेंडे नि फळं पोखरणाऱ्या अळीचा पतंग रात्रीचा, तो तिकडे फिरकत नाही. विचारलंय अळीचं.

दशपर्णीप्रेमी: दशपर्णी अर्क करा. दहा प्रकारचा पाला, शेण, गोमूत्र, महिनाभर कुजवायचं, रोज ढवळायचं.

तोडणीवाला: त्यांचा तोडा परवा आहे राव.

बांधावरचा: ल्युअर कामगंधाचीच आहे. मागच्या हंगामातली हरभऱ्याची शिल्लक होती, फ्रीजमध्ये ठेवलेली. सापळे नरसाळ्याचे. पलीकडे चुलत्यांचं खोडवा वांगं (छाटून परत फुटलेलं जुनं पीक) आहे, त्याचा काय संबंध?

काळीरान: घ्या, घोळ सापडला! हरभऱ्याची म्हणजे हेलील्युअर, तिच्या वासाला घाटे अळीचे नर येतात. वांग्याला ल्युसील्युअर लागते. पाण्याचा सापळा घ्या, पाण्यात थोडा साबण टाका. सापळा पिकाच्या शेंड्याच्या उंचीला ठेवा, पीक वाढेल तसा वर सरकवा. ल्युअर तीन-चार आठवड्यांनी बदला. तंबाखूच्या किंवा औषधाच्या हाताने तिला शिवू नका.

तोडणीवाला: ल्युअर बदलून निम्मंच काम होईल. सापळ्यात फक्त नर अडकतात. खोडव्यातून मिलन झालेल्या माद्या उडत येतात, त्या थेट अंडी घालतात. अर्ध्या एकरात सापळा म्हणजे किडीचा अंदाज घ्यायचं साधन, बंदोबस्त नव्हे.

काळीरान: नर कमी झाले की अंडी कमी होतात. सापळे काढायला सांगू नका.

तोडणीवाला: काढा कोण म्हणतंय? पण खरं काम कात्रीचं आहे. मान टाकलेला शेंडा सुकल्या भागाच्या इंचभर खाली कापा आणि चिरून बघा. आत गुलाबीसर अळी नि ओली विष्ठा दिसेल. नसेल तर अळी खाली उतरली, आणखी कापा. हे आठवड्यातून दोनदा. कापलेलं बांधावर टाकलंत तर अळी तिथंच पाल्यात कोष करते, म्हणून बंद पिशवीत उन्हात ठेवा किंवा खोल पुरा. फळावर दिसणारं भोक बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं असतं. आत शिरते ती देठाजवळच्या टोपीखालून, ती जागा पटकन दिसत नाही. किडकी फळं तोड्यातच वेगळी काढा, सरीत टाकू नका.

हिरवीवाट: बीटी वांगं (अळीला मारणारं जनुक घातलेलं) आणलं असतं तर ही वेळच आली नसती. 2010 मध्ये आपल्याकडे स्थगिती दिली, बांगलादेशाने 2013 मध्ये परवानगी दिली.

भरीतखाऊ: आणि चवीचं काय? भरताला जळगावकडचं वांगंच पाहिजे.

काळीरान: बीटीचा वेगळा धागा काढा, भरिताचाही. बांधावरचे, अर्क कसा केला होता?

बांधावरचा: बाटलीतलं नीमतेल, सकाळी दहाला फवारलं.

काळीरान: तो लिंबोळी अर्क नव्हे. 5 टक्के अर्कासाठी 5 किलो निंबोळी भरडून 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून पिळून गाळा. 200 ग्रॅम साबणचुरा 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात घाला, एकूण 100 लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारा. उन्हात त्याचा गुण जातो. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, अंडी बहुतेक तिथंच असतात. आत शिरलेल्या अळीला कुठलाच अर्क पोचत नाही.

तोडणीवाला: आणि चुलत्यांना तो खोडवा काढायला सांगा.

बांधावरचा: भाव आहे म्हणून काढत नाहीत.

तोडणीवाला: मग ज्या दिवशी तुमची छाटणी, त्याच दिवशी त्यांचेही शेंडे काढा. मजूर तुमचा.

बांधावरचा: आत्ता पाच शेंडे चिरले, तिघांत गुलाबी अळी. ही हरभऱ्याची ल्युअर परत फ्रीजमध्ये ठेवू का?

काळीरान: पाकीट फोडून बारा दिवस उन्हात टांगलीय. टाकून द्या.