फेलिनीची 'डायरेक्टर्स नोटबुक' बघायची कुठे?

सदाशिवपेठी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "नेटवर सगळं मिळतं, ज्याला सापडत नाही तो आळशी." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. इटालियन दिग्दर्शक फेलिनीनं १९६९ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीसाठी ही फिल्म केली. तासाभराचीही नाही. स्वतःबद्दल आणि कधीच पूर्ण न झालेल्या 'मास्तोर्ना' या चित्रपटाबद्दल. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीनं काढलेल्या, फेलिनीच्याच 'एट अँड हाफ' चित्रपटाच्या डिस्कवर ती आहे. त्यांची स्ट्रीमिंग सेवा अमेरिका-कॅनडापुरती. तीन रविवार शोधण्यात घालवले. आळशी मी?

बोरिवली_फास्ट: ते वाक्य माझं. कुणीतरी चढवलेली प्रत आहे की, मी फोनवर पाहिली.

सदाशिवपेठी: मीही पाहिली. सुरुवातीलाच 'मास्तोर्ना'चा टाकून दिलेला सेट, माजलेलं गवत, त्यात मुक्काम ठोकलेली हिप्पी पोरं. तुमच्या प्रतीत गवत कुठलं आणि पोरं कुठली, कळत नाही. शिवाय ती चोरीची.

बोरिवली_फास्ट: विकत द्यायला कुणी तयार नाही, मग चोरी कसली?

कृष्णाकाठ: आमच्या फिल्म सोसायटीत रिळांची पेटी एसटीनं यायची. एकदा दुसरं रीळ आलंच नाही. चाळीस माणसं रात्री साडेअकरापर्यंत सतरंजीवर बसून होती, कुणी उठलं नाही. फोनवर बघणाऱ्यांना हे काय कळणार!

बोरिवली_फास्ट: काका, तुमच्या गावात सोसायटी होती. आमच्याकडे केबलवाला होता. दर वेळी सतरंजी काढू नका.

मीनल_टोरांटो: डिस्क घ्या म्हणणं सोपं आहे. मी भावासाठी नाशिकला ब्लू-रे नेली. त्याच्या प्लेअरनं आत घेतली, घरघरला आणि पडद्यावर रीजनची पाटी. अशी डिस्क ज्या भागासाठी काढलेली, तिथल्याच प्लेअरवर चालते: अमेरिकेची डिस्क ए, भारत सी. पैसे मोजून घेतलेली वस्तू भावाला दाखवता येत नाही, याचा मला अजून संताप येतो.

सदाशिवपेठी: डीव्हीडीचंही तेच. तिकडे १, आपल्याकडे ५.

कृष्णाकाठ: रिळाला रीजन नव्हता.

बोरिवली_फास्ट: हे मान्य. आणि 'आळशी' शब्द मागे घेतो. पण धुरकट का होईना, मी फिल्म पाहिली, याची लाज मला वाटणार नाही.

सदाशिवपेठी: शब्द मागे घेतलात, पुरे. ताई, सगळे रीजन चालणारा प्लेअर भावानं घेतला का शेवटी?

मीनल_टोरांटो: घेतला. दिवाळीत डिस्क पुण्याला पाठवायला सांगते. परत मात्र करा.