एसओपीतलं ‘करावे’: सक्ती की सल्ला?

वेर्ण्याची एडिटर:
नमस्कार मंडळी. औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या एसओपी (म्हणजे काम कसं करायचं याच्या पायरीवार लेखी सूचना) आणि मशीनची मॅन्युअलं मराठीत एडिट करायचं काम आहे, अनुवाद दुसरेच करतात, माझ्याकडे शेवटचा हात फिरवायला येतं. इंग्रजीत शॅल, मस्ट, शुड, मे असे वेगवेगळे शब्द असतात आणि मराठीत येईस्तोवर सगळ्यांचं ‘करावे’ झालेलं असतं. झडप बंद करावी, हातमोजे घालावेत, नोंद करावी. यातलं सक्तीचं कुठलं आणि केलं तर बरं असं कुठलं हे नुसतं मराठी वाचून कळायला मार्ग नाही. मग ‘करावे’चा अर्थ नक्की काय धरायचा? आणि एडिटरने यात हात घालायचा, की आपण आपलं ऱ्हस्व-दीर्घ बघून गप्प बसायचं?

फोंडेकर:
अगो, क्रियापदाच्या त्या रूपाला विध्यर्थ म्हणतात, व्याकरणाच्या पुस्तकातच त्याला कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता असे सगळे अर्थ दिलेत. सरकारी परिपत्रकात ‘सादर करावे’ म्हटलं की सादर करायलाच लागतं, आणि पाककृतीत ‘वरून कोथिंबीर भुरभुरावी’ म्हटलं तर नाही भुरभुरली म्हणून कोण विचारायला येणार? संदर्भावरून कळतं. आपल्याकडे गोव्यात तर कोंकणी पाट्यांवरचं ‘करचें’ पण तसंच, विनंतीही तेच आणि हुकूमही तेच, त्यामुळे इथल्या वाचकाला ‘करावे’ आणखीनच मऊ वाटत असणार.

म्हापशाची अनुवादक:
संदर्भावरून कळतं हे बातमीत ठीक, एसओपीत नाही. तिथे ऑडिटर येऊन विचारतो, हे केलंच पाहिजे होतं का? आणि उत्तर दोन माणसांनी दोन तऱ्हेचं दिलं की संपलं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांत हे आधीच ठरवलेलं असतं, शॅल म्हणजे आवश्यकता, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. इंटरनेटवाल्यांनी १९९७ मध्ये आरएफसी २११९ हा एक छोटासा कागदच काढला, फक्त या शब्दांचे अर्थ बांधून द्यायला, त्यात शुडचा अर्थ असा की सबळ कारण असेल तर सोडता येईल पण परिणाम समजून घेऊन. म्हणजे ‘जमलं तर करा’ इतकं स्वस्त नाही ते.

मी जे वापरते ते सांगते, पटलं तर घ्या. सक्तीला ‘करणे आवश्यक आहे’ किंवा पायऱ्या असतील तर सरळ ‘झडप बंद करा’. शिफारशीला ‘करणे योग्य’, आणि ‘शक्यतो’ हा शब्द मी सुरक्षेच्या वाक्यात अजिबात येऊ देत नाही, ‘शक्यतो हातमोजे घालावेत’ वाचून कोण घालणार या उकाड्यात! परवानगीला ‘करण्याची मुभा आहे’. ‘करावे’ मी पूर्ण काढून टाकलाय, शब्द वाईट म्हणून नव्हे, चार कामं एकाच गड्यावर नकोत म्हणून.

खरी गोची ‘शकतो’मध्ये आहे, त्याकडे कुणी बघत नाही. ‘ऑपरेटर झडप उघडू शकतो’ आणि ‘दाब वाढल्यास झडप उघडू शकते’, दोन्हीकडे मूळ इंग्रजीत मे होतं. पहिली परवानगी, दुसरी धोक्याची सूचना. दुसऱ्याला ‘उघडण्याची शक्यता आहे’ केलं की भानगड मिटते. तसंच ‘नको’. ‘झाकण काढायला नको’ म्हणजे काढायची गरज नाही की काढायची मनाई? बोलताना आपण दोन्हीसाठी म्हणतो. मनाईला ‘काढू नका’, गरज नसेल तर ‘काढण्याची गरज नाही’, बस.

आणि ते ‘केले जावे’ दिसलं की आधी थांबायचं. ‘झडप बंद केली जावी’, कोणी? ऑपरेटरने, मेंटेनन्सच्या माणसाने, की कंट्रोल पॅनल आपोआप करणार?

वास्कोचा फिटर (आता रिटायर):
मी भाषेतला नाही पण वाचणाऱ्यातला आहे म्हणून लिहितो. शिफ्टमध्ये कोण पूर्ण वाक्य वाचत नाही, पहिला शब्द आणि शेवटचा शब्द बघतात, मराठीत क्रियापद शेवटी आणि अट मध्येच कुठेतरी अडकलेली, ‘झडप दाब शून्यावर आल्याची खात्री केल्यानंतर उघडावी’ हे वाचून पोरगा झडप पकडतो आणि उघडतो. आधी दाब शून्यावर आला का बघा लिहा, मग दुसऱ्या ओळीत झडप उघडा लिहा. आणि व्हॉल्व्हला व्हॉल्व्हच लिहा पात्रांव, झडप म्हटलं की आमच्याकडे नवीन पोरं तोंडाकडे बघतात.

म्हापशाची अनुवादक:
काका एकदम बरोबर. विमानांच्या मेंटेनन्ससाठी जी एएसडी-एसटीई१०० नावाची सोपी इंग्रजी ठरवलीय तिच्यात हेच आहे, कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, एका वाक्यात एक सूचना, अट आधी. २० चा आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नका मात्र, आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, ‘केल्यानंतरसुद्धा’ हा मोजायला एकच शब्द! आणि व्हॉल्व्ह मान्य, फक्त मग शेवटपर्यंत व्हॉल्व्हच, तिसऱ्या पानावर झडप आणि सातव्यावर ‘कपाट’ नको. (भाषांतराच्या एका कागदात खरंच बघितलंय मी, कपाट.)

वेर्ण्याची एडिटर:
देव बरें करूं सगळ्यांचं. म्हणजे मी सरळ बदलत सुटू? अनुवादक चिडतात हो, म्हणतात तू प्रूफ बघ.

फोंडेकर:
बदलायच्या आधी काम कुठल्या पातळीचं घेतलंय ते ठरवून घे, हा वाद जुना आहे. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबमध्ये १९७६ मध्ये एडिटिंगचे नऊ प्रकार आणि पाच पातळ्या लिहून काढल्या होत्या, लेखक आणि एडिटर दोघांना आधीच माहीत की काय होणार, काय नाही. तू पण कामाच्या पहिल्या मेलमध्ये लिही, नुसतं प्रूफ की अर्थसुद्धा, आणि पैसेही त्याप्रमाणे सांग.

म्हापशाची अनुवादक:
हो, आणि सक्ती-शिफारस यात मूळ कागद समोर नसेल तर आपल्या मनाने कधी ठरवायचं नाही. तिथे बदल नको, प्रश्न टाकायचा, तोही ‘अर्थ स्पष्ट करा’ असा मोघम नको. असा लिही: ‘पायरी ४: टाकी रिकामी नसतानाही फिल्टर बदलता येतो का? येत नसेल तर “टाकी रिकामी करा” असं करते.’ प्रोसेसवाला हो-नाही लिहून मोकळा होतो. उत्तर आलं की तुझ्या स्टाइलशीटमध्ये (ठरलेल्या शब्दांच्या आणि नियमांच्या यादीत) तारखेसकट टाक, पुढचा अनुवाद सुरू व्हायच्या आधी ती शीट अनुवादकालाच पाठव, निम्मी चिडचिड तिथेच जाते. परिभाषेला महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे कोश बघ जरूर, पण मशीनजवळ उभ्या माणसाला एकदा वाचून दाखवल्याशिवाय कोशातला शब्द पक्का करू नको.

वेर्ण्याची एडिटर:
आणि ‘आवश्यक ती खबरदारी घ्यावी’? हे तर प्रत्येक पानावर आहे.

वास्कोचा फिटर (आता रिटायर):
त्याच्यासमोर लिही, कुठली? गॉगल, हातमोजे की मेन स्विच बंद. कोणाला सांगता नाही आलं तर काढून टाक, आम्ही तशी पण ती ओळ वाचत नव्हतो.